डावीकडे कललेली गाडी

१

आभार मानायला समोर कोणीतरी असावं लागतं, ही माझी अडचण आहे. ज्याचे मानायचे तो दिसत नाही, आणि हे घरात मोठ्यानं बोललो तर बायको आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघेल. पण माझे दोन्ही पाय जागच्या जागी आहेत, रोज दुपारी जिना चढून मी जेवायला घरी जातो, आणि जिना चढताना मनातल्या मनात कुणाला तरी बरं म्हणतो.

मी गाड्या दुरुस्त करतो. खाली वर्कशॉप, वर घर, समोर उतरतं अंगण. आमच्या धंद्यात डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास जास्त. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, की आतलं दुखणं आपण होऊन बोलायला लागतं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणारी गिऱ्हाइकं मी आजवर तोंडावर हसून परत पाठवली आहेत.

माझी मुलगी ठकी नर्स झाली. ठकी हे घरातलं नाव, दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणतात. डोंगरावरच्या दवाखान्यात तिला नोकरी मिळाली, पण अट अशी की स्वतःचं वाहन हवं, कारण पुढच्या वस्त्यांवर बाळंतपणाला जावं लागतं आणि तिथं रस्ता म्हणजे नुसता चढ आणि चिखल. म्हणून मी जुनी, चारही चाकांनी ओढणारी गाडी शोधली. चौकोनी तोंडाची, दणकट, माझ्यापेक्षा थोडीच लहान.

विकणारे गृहस्थ जमिनी मोजायचं काम करायचे. आम्ही त्यांना मोजणीकाका म्हणायचो. त्यांनी स्वतः गाडी अंगणात आणून लावली, किल्ली माझ्या हातात दिली, आणि मग वळसा घालून डावीकडच्या दाराशी गेले. दार उघडून ते धरून उभे राहिले, जरा वाकून. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उतरवून घेताना आपण उभे राहतो तसे. सीट रिकामी होती.

"उतरणार?" ते म्हणाले. थोडं थांबले. "नाही? बरं, तुमची मर्जी."

मग दार अगदी हळू लावलं आणि मागे न बघता गेले. गाडी विकताना लोक रडतात, बोनेटवर थोपटतात, एकानं तर स्टिअरिंगचा मुका घेतला होता. मी हसलो आणि विसरून गेलो.

२

गाडी डावीकडे कलत होती. रिकामी उभी असतानासुद्धा डावं अंग खाली. जुन्या गाडीत असं होतं, स्प्रिंगचे पट्टे थकतात. मी डावीकडचे पट्टे उतरवले, उजवीकडच्यांशी ताडून पाहिले. दोन्हीकडची कमान सारखी. तरी नवे घातले. गाडी खाली सोडली, आणि ती पुन्हा तेवढीच कलली, खाली बसताना सीट करते तसा बारीक आवाज करून.

"नवीन पट्टे पण आळशीच निघाले," बायको खिडकीतून म्हणाली. "तुमच्या हाताचा गुण."

ठकी गाडी शहरातून फिरवून आली ती तक्रार घेऊनच.

"बाबा, तुमची गाडी मधेच संप करते."

"म्हणजे?"

"चौकात क्लच सोडला, इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलेना. बघते तर छोटा दांडा न्यूट्रलला. तो ओढून लावते आहे तोवर समोरून एक टँकर सिग्नल तोडून असा गेला, माझा आरसा थरथरला."

"टँकरचं सोड. दांडा आधी कुठं होता?"

मला ऐकू आलं ते एवढंच. मेकॅनिकला दुखण्यापुढे माणूस दिसत नाही, तशातली गत.

हा छोटा दांडा ट्रान्सफर केसचा. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली दुसरी पेटी. इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना द्यायची की चारही चाकांना वाटायची, हे ती ठरवते. तिचा दांडा दोन सीटच्या मधोमध असतो. तो न्यूट्रलला गेला की इंजिन आणि चाकं यांचं बोलणं बंद. इंजिन कितीही ओरडलं तरी चाकांना ऐकू जात नाही. सपाट रस्त्यावर ही गंमत आहे. डोंगर उतरताना मात्र इंजिनच गाडीला धरून ठेवतं. दांडा आपोआप निसटला तर उरले फक्त ब्रेक, आणि ते तापले की मग काही उरत नाही.

"गाडीत खोट असेल तर पोर तिच्यातून वर जाणार नाही," बायको म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "आणि ती गाडी नाही मिळाली तरी पायी जाईल, एवढी हट्टी आहे. तेव्हा नीट करा."

३

दांडा निसटण्याची कारणं ठरलेली. आत एक छोटी गोळी स्प्रिंगनं खाचेत दाबलेली असते, ती दांड्याला जागेवर धरते. स्प्रिंग मेली की दांडा सैल. किंवा आतला फाटा झिजतो. किंवा पेटी ज्या रबरांवर टांगलेली असते ती रबरं बसतात आणि पेटीच हलते. मी एकेक बघायला घेतलं.

तेल काढलं. स्वच्छ, कढईत तळ दिसावा इतकं. चुंबकाच्या बुचाला धातूचा कण नाही. फाट्याच्या कडा नव्यासारख्या. रबरं ठीक. गोळीची स्प्रिंग चांगली होती, तरी काढून तिच्याहून कडक घातली. आता दांडा हलवायला मलाच खांद्यातून जोर काढावा लागत होता.

"आता हा आपोआप हलला तर मी मिशी काढेन," मी म्हणालो.

"तेवढ्यासाठी तरी हलू दे," बायको म्हणाली.

हात पुसताना दांड्याच्या गोळ्याकडे लक्ष गेलं. काळा, मुठीएवढा गोळा. झिजून एका बाजूनं गुळगुळीत झालेला. चालक उजवीकडे बसतो, डावा हात टाकतो, त्याचा तळवा गोळ्यावर उजव्या अंगानं पडतो. झीज तिथं हवी. ही झीज डावीकडे होती. डावीकडे बसून कुणीतरी वर्षानुवर्षं उजव्या हातानं तो दांडा धरला होता.

मोजणीकाकांचा कोणी मदतनीस असेल, मी स्वतःला सांगितलं. गोळ्यावर हात ठेवला. गाडी सकाळपासून सावलीत, बंद उभी होती. गोळा कोमट होता.

४

दुसऱ्या दिवशी ठकीला चालवायला बसवलं आणि दांडा डोळ्यांसमोर राहावा म्हणून मी डावीकडे बसायला गेलो. बसलो आणि लगेच पुढे सरकलो. कारण सांगता येणार नाही. भरलेल्या बाकावर आपण चुकून कुणाच्या तरी मांडीवर टेकलो की कसं दचकून उठतो, तसं शरीरच उठलं.

"स्प्रिंग टोचली का?" ठकीनं विचारलं.

"हो," मी म्हणालो, आणि सीटच्या कडेवर अर्धाच बसून राहिलो.

शहराबाहेरच्या चढावर गेलो, उतरलो, खड्ड्यांतून गाडी आपटली. दांडा ढिम्म हलला नाही. परत आलो, मी उतरलो, ती एकटीच गाडी वळवायला म्हणून मागे घेऊ लागली, आणि खट्. माझ्या नव्या, कडक स्प्रिंगला न जुमानता दांडा न्यूट्रलला. इंजिन ओरडलं, गाडी थांबली.

मी चिडून मागे गेलो. मागच्या चाकापासून हातभर अंतरावर शेजारच्या शिंपिणीचं रांगतं मूल अंगणात येऊन बसलं होतं आणि पडलेला नट तोंडात घालत होतं.

मी त्याला उचललं, नट काढून घेतला, पलीकडे नेऊन दिलं. शिंपीण घाबरून रडायलाच लागली. मी तिला म्हणालो, काही झालेलं नाही. मग परत येऊन गाडीजवळ उभा राहिलो. आता टँकरही आठवला.

योगायोग, मी म्हणालो. दोन योगायोग. जगात असतात. चौकोनी डोक्यात गोल गोष्ट शिरत नाही, आणि माझं डोकं चांगलंच चौकोनी आहे. डावीकडे वजन असलं की दांडा निसटत नाही, याचा अर्थ चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पिळते, हे मी मनाशी पक्कं केलं. पेटी पूर्ण खाली उतरवून बघायची ठरवली.

संध्याकाळी स्क्रू-ड्रायव्हर पेटीला लावून कान दिला. इंजिन चालू असताना सरळ, निरोगी गुणगुण. ठकीनं इंजिन बंद केलं. मी कान काढायचा विसरलो.

टक. टक. टक.

लोखंड थंड होताना टकटकतं. पण ते आवाज विरळ होत जातात. हे होत नव्हते. ते एका लयीत, धीरानं येत होते. कुणीतरी वाट बघत बसलं आहे आणि दांड्यावर नख वाजवतं आहे. मी डोकं वर केलं आणि दांड्याकडे पाहिलं. दांडा स्थिर होता. पुन्हा कान लावला तर आवाज थांबला होता, आणि ते थांबणं मला आवाजापेक्षाही जास्त खटकलं.

५

वर्कशॉपमध्ये दुसरी गाडी उघडून पडली होती, म्हणून ही मी अंगणातच घेतली. तोंड वर्कशॉपकडे, शेपूट उताराकडे. हँडब्रेक ओढला. तो पक्का होता, मी धक्का देऊन पाहिला. मोठा गिअर सवयीनं पहिल्यात टाकून ठेवला. पेटीतून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट हातानं फिरवता यावा म्हणून छोटा दांडा न्यूट्रलला. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे होते, पण उजेड पेटीवर यावा म्हणून गाडी वीतभर पुढे घेतली, आणि ठोकळे मागेच राहिले.

या जातीच्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांना नसतो, हे मला झोपेतही माहीत आहे. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. तिथून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तो धरतो, आणि शाफ्ट चाकांना धरतो. तो शाफ्ट सोडवला की हँडब्रेक हवेतच घट्ट राहतो. ही चूक नवशिका करत नाही, कारण तो भितो. ती माझ्यासारखाच करतो.

दांड्याच्या बुडाशी असलेलं रबर काढलं होतं. त्यामुळे खाली पाठीवर झोपल्यावर फरशीच्या भोकातून वरचा गाडीतला उजेड दिसत होता, बशीएवढा. माझे पाय डावीकडून बाहेर, पुढच्या चाकाच्या मागे. मी मागच्या शाफ्टचे बोल्ट सोडले. शेवटचा सुटला, शाफ्ट माझ्या हातात आला.

आणि गाडी हलली.

आवाज काहीच झाला नाही. वर पसरलेलं लोखंडाचं आभाळ शांतपणे मागे सरकलं. पुढचं चाक माझ्या मांडीला लागलं, मग मांडीवर चढायला लागलं. मला ठकीची आई आठवली नाही, देव आठवला नाही. ठोकळे आठवले.

भोकातला उजेड गेला.

मी वरच पाहत होतो, म्हणून दिसलं. बोटं होती. भोकातून खाली उतरलेली, दांड्याच्या बुडाला वेढलेली. किती होती ते सांगत नाही, कारण मला दिसली तेवढी एका हाताला नसतात. पण पकड ओळखीची होती. गर्दीत हातातून निसटणाऱ्या लेकराचं मनगट आपण असंच धरतो.

खट्, खटाक्. दांडा न्यूट्रलमधून निघून चार चाकांच्या जागी बसला.

पुढची चाकं इंजिनाला जोडली गेली आणि त्याच झटक्यात हँडब्रेकलाही. गाडी गचका खाऊन थांबली, जरा पुढे झुलली, आणि माझी मांडी मोकळी झाली.

६

बाहेर कसा आलो ते आठवत नाही. ठोकळे लावले, सगळ्या चाकांना लावले, एकेका चाकाला दोन्हीकडून लावले. मग अंगणात बसलो.

मन लगेच वकिली करायला लागलं. उतारावर धक्का बसला, दांडा आपोआप सरकला. मी उठून दांडा न्यूट्रलला नेला आणि त्याला धक्के दिले. मग गाडी हलवून पाहिली, वरून ठोकलंही. माझ्याच हातानं घातलेली ती कडक स्प्रिंग एक केस हलू देत नव्हती. गोळा मात्र आता कोमट नव्हता. तो गार झाला होता.

तेव्हा मला दिसलं की गाडी सरळ उभी आहे.

डावं अंग उजव्याएवढं. आल्यापासून पहिल्यांदाच. आणि डावीकडचं दार, जे मी लावलेलं होतं, ते बोटभर उघडं होतं.

इतका वेळ जे घडलं त्यानं मी हादरलो होतो, पण घाबरलो आत्ता. गाडीत होतं तोवर ते गाडीत होतं. मी वर्कशॉपमध्ये पाहिलं. भिंतीवर टांगलेले पाने, उघडी पडलेली दुसरी गाडी, पंखा. गिऱ्हाइकांना बसायला मी एका भंगार गाडीची सीट कोपऱ्यात ठेवली आहे. तिचं रेक्झिन मधोमध खोल दबलेलं होतं. मी बघत होतो आणि ते वर येत नव्हतं.

इतक्या वर्षांची धंद्याची सवय. तोंडातून निघून गेलं, "बसा."

मग पुढे म्हणालो, "फार उपकार झाले." आवाज माझा वाटला नाही. सीट जराशी कुरकुरली. अवघडून बसलेला माणूस मांडी बदलतो, तेवढीच.

७

गाडी जोडताना माझं काम कधी नव्हे इतकं चोख झालं. पाठीमागे कोणीतरी बसून बघतं आहे म्हटल्यावर हात चुकत नाही. मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभा राहायचं टाळत होतो, आणि तोंड करूनही. पेटीत काही बदललं नाही, बदलण्यासारखं काही नव्हतंच. कडक स्प्रिंग काढून जुनी घातली. कुणाला उगीच जोर का लावायला लावायचा.

बायको चहा घेऊन खाली आली आणि त्या सीटवर टेकायला निघाली.

"तिथं नको," मी इतक्या जोरात ओरडलो की चहा हिंदकळला.

"का? ओली आहे?"

"तेल सांडलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या काळ्यानिळ्या पट्ट्याकडे पाहिलं. नुसता हात माझ्या पाठीवर ठेवला. संसारात एवढं तरी शहाणपण आम्ही कमावलं आहे.

ती वर गेल्यावर मी उरलेला चहा सीटशेजारच्या स्टुलावर ठेवला. तो तसाच राहिला. पण त्याच्यावरची वाफ सरळ वर न जाता सीटकडे झुकत होती.

८

ठकी निघाली ती सकाळी. आईनं डब्यांची उतरंड बांधून दिली होती. ठकीनं कपड्यांची मोठी पिशवी डावीकडच्या सीटवर टाकली, डबे तिच्यावर ठेवले, आईला मिठी मारली.

"दांडा आता निसटणार नाही ना, बाबा?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि तेच चुकत होतं.

गाडी अंगणातून उतरली. मी मागून पाहत होतो. ती सरळ होती. सरळ, हलकी, रिकामी. उजवीकडे माझी पोर आणि डावीकडे डबे. पुढे तो डोंगर, ते चढ, ती वळणं, आणि तिच्याबरोबर कोणी नाही.

मी वळून कोपऱ्यातल्या सीटकडे पाहिलं. रेक्झिन दबलेलंच होतं.

"ठके! थांब!" मी इतका धावलो की लंगडणाऱ्या पायाचं भान राहिलं नाही. तिनं फाटकाशीच ब्रेक मारला. मी डावीकडचं दार उघडलं, पिशवी आणि डबे उचलून मागे टाकले, आणि दार धरून उभा राहिलो. जरा वाकून.

"बाबा, काय चाललंय? कुणासाठी?"

"गप्प बस जरा."

वर्कशॉप आतून अंधारं दिसत होतं. मला मोजणीकाका आठवले. म्हातारा गाडीशी बोलत नव्हता. निवृत्त झाल्यावर त्याला सोबत हवी होती, म्हणून विचारत होता. मलाही हवी होती, खोटं कशाला सांगू. खाली झोपून काम करणाऱ्या माणसाला वर कोणीतरी असलेलं हवंच असतं.

"माझं मी बघेन," मी त्या अंधाराला म्हणालो. "ठोकळे लावीन. तुम्ही हिच्याबरोबर जा. माझी एवढी एकच आहे हो."

काही झालं नाही. ठकी माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू गंभीर होत होता. शिंपिणीच्या दारात मूल थाळी वाजवत होतं. मग आत, कोपऱ्यात, रेक्झिन सुटल्याचा आवाज आला.

अंगणातल्या धुळीत काही उमटलं नाही. फक्त माझ्या हाताशेजारून काहीतरी गेलं, उन्हात उभ्या असलेल्या गाडीजवळून जाताना लागते तशी ऊब, आणि गाडी डावीकडे कलली. नवे पट्टे कुरकुरले. ठकीनं दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून छातीशी घेतले, आणि रिकाम्या सीटकडे बघत राहिली.

टक, असा दांड्यावर आवाज झाला. एकदाच.

"बाबा," ती कुजबुजली.

"तिथं सामान ठेवू नकोस," मी म्हणालो. "गाडी मधेच थांबली तर चिडायचं नाही. थांबायचं. आणि पोचल्यावर दार उघडून विचारत जा, उतरणार का म्हणून."

दार मी अगदी हळू लावलं. ठकीनं डोळे पुसले, मान हलवली, गिअर टाकला.

गाडी रस्त्याला लागली, वळणावर गेली, तिथून चढाला. शेवटपर्यंत तिचं डावं अंग खाली होतं, आणि मी फाटकात उभा राहून ते खाली आहे ना, एवढंच पुन्हा पुन्हा बघत होतो.